फ्रान्सवाज आर्दी : मावशीला भेट द्यायचीय, कोणता अल्बम घेऊ? (बजेट ३०००)

सावनी_न
नमस्कार मंडळी, जरा घाईचा सल्ला हवाय. पुढच्या महिन्यात माझ्या मावशीचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे. ती पुण्यात कॉलेजात फ्रेंच शिकवायची, निवृत्तीनंतर नाशिकला आमच्या जवळच राहायला आलीय. दिवाळीत मावसभावाने तिला रेकॉर्ड प्लेअर घेऊन दिला, पण रेकॉर्ड सगळ्या नाट्यगीतांच्या नाहीतर बेगम अख्तरच्या. परवा सहज बोलता बोलता म्हणाली की शिकत असताना एका फ्रेंच बाईंकडे फ्रान्सवाज आर्दी ही फ्रेंच गायिका ऐकली होती आणि मग पुन्हा कधी ऐकायला मिळालीच नाही. तेवढं मी लक्षात ठेवलंय. मला स्वतःला फ्रेंचचा गंध नाही. नेटवर बघितलं तर १९६२ पासून २०१८ पर्यंत अल्बमच अल्बम, त्यात सुरुवातीच्या कित्येकांचं नाव नुसतंच 'फ्रान्सवाज आर्दी', त्यामुळे काही कळेना. पोस्टेज धरून ३००० पर्यंत एकच घ्यायचाय. एलपी असो वा सीडी, तिच्या गाडीत सीडी चालते. जाणकारांनी प्लीज सांगा.

व्हिनाइलवेडा
सावनीताई, डोळे मिटून १९६२ चा व्होग या रेकॉर्ड कंपनीचा पहिला ईपी घ्या, ज्यात 'तू ले गार्सों ए ले फीय' आहे. चार गाण्यांची छोटी ४५ ची रेकॉर्ड, जाड पुठ्ठ्याचं कव्हर. माझ्याकडे आहे, फ्रान्समधल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाकडून मागवली होती, कव्हरचा एक कोपरासुद्धा दुमडलेला नाही. त्या गाण्यामागची गोष्ट मावशींना नक्की सांगा. २८ ऑक्टोबर १९६२, फ्रान्समध्ये सार्वमत होतं, राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा का यावर. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी घेतलेलं. रात्री निकालाची वाट बघत सगळा देश टीव्हीपुढे, आणि तेव्हा तिकडे चॅनल एकच. निकालांच्या मधल्या वेळात ही अठरा वर्षांची उंच, सडपातळ, लाजरी मुलगी आली आणि गायली, की माझ्या वयाची सगळी मुलं-मुली जोडीजोडीने हातात हात घालून हिंडतात आणि मी मात्र एकटीच चालते. बस्स, त्यानंतर लाखांनी रेकॉर्ड खपल्या. गाणं तिचं स्वतःचं होतं हे विसरू नका, त्या काळात तिथले बाकीचे पोरंपोरी अमेरिकन गाण्यांची फ्रेंच भाषांतरं गात होते. बजेट जरा वाढवून ८-१० हजार करा, पंचाहत्तरी काही वारंवार येत नाही.

सदाशिव_पेठ_३०
+१, पहिला ईपी. गाणं तिने स्वतः लिहिलं होतं आणि ते टीव्हीवर निवडणुकीच्या रात्री लागलं होतं.

सीनकाठची
निवडणूक नाही, सार्वमत. वरच वाचा की.
मी गेली अनेक वर्षं पॅरिसजवळ राहते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. त्या ईपीवर कंपनीचा भरवसा 'तू ले गार्सों'वर नव्हताच, त्यांनी पुढे केलं होतं 'ओ ओ शेरी', एका अमेरिकन गाण्याचं फ्रेंच रूप. लोकांनी दुसरंच उचललं. आणि लाजरी म्हणजे ती नुसती स्टेजवर लाजरी नव्हती. १७ जानेवारी १९४४ चा जन्म, पॅरिस अजून जर्मनांच्या ताब्यात. वडिलांचा संसार दुसरीकडे, ते कधीमधी उगवायचे. आई, ही आणि धाकटी बहीण, नवव्या विभागात छोटंसं घर, शाळा नन्सची. बारावीसारखी बाकालोरेआ परीक्षा सोळाव्या वर्षी पास झाली म्हणून बक्षीस म्हणून गिटार मिळाली आणि रेडिओ लक्झेंबर्गवर इंग्लिश गाणी ऐकून ऐकून ती स्वतः चाली बांधायला लागली. १९६१ च्या नोव्हेंबरात व्होगशी करार. तेव्हाच्या तरुण फ्रेंच पॉपच्या, 'ये-ये' म्हणतात त्या लाटेत जॉनी हॅलिडे, सिल्व्ही व्हार्तां, फ्रान्स गाल सगळेच होते, पण स्वतःचं दुःख स्वतःच लिहिणारी म्हणून ही वेगळी पडली.
आता सल्ला. ईपी अजिबात घेऊ नका. चार गाणी, दहा मिनिटांत संपतात, पंचाहत्तरीच्या बाईंना दर दहा मिनिटांनी उठायला लावणार का? 'ला केस्त्यों' घ्या, १९७१ चा. खाली सवडीने लिहिते, आत्ता कामावर आहे.

मिरजेचा_षड्ज
माझं मत वेगळं आहे आणि राग मानू नका. मी आर्दी ऐकलीय. आवाज छान आहे, गोड आहे, पण हलत नाही. हरकत नाही, मुरकी नाही, श्वाससुद्धा हलका. नाट्यगीतं आणि बेगम अख्तर ऐकलेल्या कानाला ते फिकं लागणार. फ्रेंचच द्यायचं तर एदित पियाफ द्या, नाहीतर आझनाव्हूर, तो माणूस नव्वदी उलटून गेल्यावरही स्टेजवर उभा राहून गायला.

सीनकाठची
षड्जदादा, मावशींनी नाव आर्दीचं घेतलंय ना?

मिरजेचा_षड्ज
घेतलंय हो. पण पन्नास वर्षांपूर्वी ऐकलेल्या गाण्याची आठवण आणि आजचा कान यात फरक असतो एवढंच म्हणतोय. दलिदासुद्धा चालेल, तिने तर किती भाषांत गायलंय.

कावेरीकाठ
भाषांवरून आठवलं म्हणून सावध करते. आर्दीने पण इटालियन, जर्मन, इंग्लिशमध्ये भरपूर रेकॉर्डिंग केलंय, साठच्या दशकात तेच चालायचं, हिट झालेलं गाणं प्रत्येक देशासाठी त्यांच्या भाषेत पुन्हा गायचं. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली, कव्हरवर तोच तो केस कपाळावर आलेला फोटो, नाव 'फ्रान्सवाज आर्दी', आणि आत निघाली जर्मन! वर रेकॉर्ड चहाच्या बशीसारखी वाकलेली, सुई एकदा वर एकदा खाली. परत घ्यायला तयार नाही, म्हणे फोटोत दिसतंय तेच पाठवलंय. महिनाभर मेलामेली करून शेवटी नाद सोडला. म्हणून सांगते, कव्हर बघून घेऊ नका, मागच्या बाजूचा फोटो मागा आणि गाण्यांची यादी एकेक वाचा. आणि वापरलेली घेणार असाल तर रेकॉर्ड सपाट आहे का, हे लेखी विचारा.

सावनी_न
कावेरीताई, हे फार कामाचं सांगितलंत, थँक्यू. सुरुवातीचे अल्बम इतके सारख्या नावाचे का आहेत?

व्हिनाइलवेडा
तेव्हाची पद्धतच ती. आधी ईपी निघायचे, मग वर्षाअखेरीला तीच गाणी एकत्र करून एलपी, त्यावर गायिकेचं नाव आणि फोटो की झालं. लोक पहिल्या किंवा गाजलेल्या गाण्यावरून ओळखायचे, म्हणजे 'ल प्रमिए बोनर द्यू झूर' १९६३, 'मों नामी ला रोझ' १९६४, 'लामितिए' १९६५, 'ला मेझों ऊ जे ग्रांदी' १९६६. हे आणि पहिला असे पाच २०१५ च्या सुमारास अमेरिकेतल्या लाइट इन द ॲटिक कंपनीने नव्याने काढले होते, दाबणी चांगली आहे. पण ओरिजिनल ते ओरिजिनल. माझ्याकडे पाचातले तीन ओरिजिनल आहेत.

डिलनपंथी
इथे अजून कोणी बॉब डिलनचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. १९६४ च्या त्याच्या अल्बमच्या मागच्या कव्हरवर जी कविता आहे ती 'फ्रान्सवाज आर्दीसाठी, सीनच्या काठी' अशी सुरू होते. तोवर तिला भेटलासुद्धा नव्हता. मग २४ मे १९६६, पॅरिसचं ओलिंपिया थिएटर, त्याचा पंचविसावा वाढदिवस. पहिला भाग रखडत झाला, आणि मध्यंतरात निरोप आला की आर्दी भेटायला आली तरच मी पुढचं गाणार. ती गेली. नंतर हॉटेलवर त्याने तिला खोलीत नेऊन आपली दोन नवीन गाणी ऐकवली, जी अजून बाजारात आलेली नव्हती. मिक जॅगर तर तिला आदर्श स्त्री म्हणायचा. इतकं सगळं असताना बाईंना स्वतःबद्दल कधी विश्वास वाटला नाही, हे मला फार लागतं.
माझा सल्ला: त्या काळची डिलनची एलपी घ्या, कविता मागे छापलेलीच आहे, दोन्ही साधेल.

सदाशिव_पेठ_३०
डिलनने तिच्यावर कविता लिहिली होती, हे मावशींना नक्की सांगा.

सीनकाठची
आता निवांत लिहिते. डिलनपंथी म्हणतात तो अविश्वास खरा आहे आणि तो समजला की 'ला केस्त्यों' समजतो. साठच्या दशकात कूरेज, पाको राबानसारखे डिझायनर तिला कपडे घालत होते, राबानचा तो सोन्याच्या पत्र्यांचा झगा आठवतोय का, १९६८ चा? फोटो काढणारा झाँ-मारी पेरिए तिचा मित्र, त्याने तिचा चेहरा जगभर पोचवला. १९६३ ला युरोव्हिजन या युरोपभरच्या गाण्याच्या स्पर्धेत मोनाकोकडून गायली. तिची गाणी लंडनला रेकॉर्ड व्हायची कारण पॅरिसच्या स्टुडिओतला वाद्यमेळ तिला पसंत नव्हता, आणि इंग्लंडच्या हिट गाण्यांच्या यादीत ती १६ व्या क्रमांकापर्यंत गेली. असं सगळं असताना १९६८ ला लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गाऊन तिने स्टेज सोडलं. चोवीस वर्षांची होती! लोकांसमोर उभं राहायची भीती कधी गेलीच नाही. पुढची पन्नास वर्षं फक्त स्टुडिओ. इतकी मोठी कारकीर्द, दौरे नाहीत, मैफली नाहीत, तरी लोक वाट बघायचे.
मग व्होग सुटलं आणि १९७१ ला तिने हा अल्बम केला, ब्राझीलच्या तूका नावाच्या गिटारवादक मुलीबरोबर. बहुतेक गाण्यांत एक नायलॉनच्या तारांची गिटार, कुठे कुठे मागे व्हायोलिनं, आणि आवाज इतका जवळ की ओठ हलल्याचं ऐकू येतं. ढोल नाहीत म्हणावं इतके कमी. एका गाण्यात तर शब्दच नाहीत, नुसता गुणगुणता सूर आणि सुस्कारे. तेव्हा खपला नाही. आज तिथले तरुण गायक तिचा हाच अल्बम पहिला सांगतात. षड्जदादा, तुम्ही हरकत शोधताय, पण इथे ती शब्द कुठे सोडते ते ऐका, ओळ संपायच्या आधीच ती आवाज काढून घेते आणि उरलेलं आपण मनात पुरं करतो. बेगम अख्तरची पत्ती लागते, म्हणजे सूर मध्येच चिरकतो, तिथे आपण थांबतोच ना? तो आवाजातला दोषच होता म्हणायला गेलं तर.

मिरजेचा_षड्ज
बेगमच्या पत्तीशी तुलना मला मान्य नाही, ती रियाजातून आलेली जागा आहे. पण 'ला केस्त्यों' आत्ता लावून बघितला. पहिली तीन गाणी ऐकली. गिटार उत्तम आहे. बाकी नंतर बोलतो.

फिल्लमबाज
एवढं विकत कशाला घ्यायचं, सगळं स्ट्रीमिंगवर फुकट आहे. 'मूनराइज किंग्डम' सिनेमात समुद्रकाठी ती दोन मुलं नाचतात ना, तिथे वाजतं ते 'ल तां द लामूर' हिचंच, चाल झाक द्यूत्रोंची, तोच पुढे तिचा नवरा झाला. मला ती तिथूनच कळली. एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घेऊन द्या, ३००० त येतो.

व्हिनाइलवेडा
घरात रेकॉर्ड प्लेअर असताना ब्लूटूथ स्पीकर? भेट हातात घेऊन उघडायची असते हो.

फिल्लमबाज
माझ्या आजीला स्पीकरच दिला होता, रोज वापरते. प्लेअरवर कापड घालून ठेवणारे बरेच बघितलेत.

डॉ_पिंपळपान
गाण्याचं मला फार कळत नाही, पण या बाईंचं शेवटचं पत्र मी जपून ठेवलंय. २००४ ला लिंफोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला, २०१५ ला तर कोमात गेल्या होत्या, त्यातून उठल्या आणि २०१८ ला अजून एक अल्बम केला. मग घशाचा कॅन्सर, रेडिएशन, तोंडाला लाळ नाही, गिळता येत नाही, गाणं कायमचं गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष माक्रों यांना उघड पत्र लिहिलं की बरं न होणाऱ्या माणसाला सुटकेचा हक्क द्या. त्यांच्या आईला मज्जातंतूंचा असाध्य आजार होता आणि डॉक्टरांनी तिला शेवटी मदत केली, तो अनुभव पाठीशी होता. फ्रान्सच्या संसदेत २०२४ ला इच्छामरणाच्या विधेयकावर चर्चा चालूच होती, ९ जूनला माक्रों यांनी संसद बरखास्त केली, चर्चा तिथेच तुटली, आणि ११ जूनला या गेल्या. आयसीयूत काम करताना हे मला फार आठवतं.

सदाशिव_पेठ_३०
आपल्याकडे पण अरुणा शानबागच्या केसनंतर परवानगी मिळाली की.

डॉ_पिंपळपान
तशी सरसकट नाही. २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी केलेला अर्ज फेटाळला, पण उपचार थांबवण्यापुरती, न्यायालयाच्या देखरेखीखाली, वाट उघडली. २०१८ ला सन्मानाने मरण हा हक्क मानला आणि लिव्हिंग विल (कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं, २०२३ ला त्याची प्रक्रिया सोपी केली. इंजेक्शन देऊन मरण आपल्याकडे आजही गुन्हाच. आर्दी मागत होत्या ते हे दुसरं. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी लिव्हिंग विलची माहिती जरूर करून घ्या, वेळ आल्यावर नातेवाईक एकमेकांकडे बघत बसतात.

कावेरीकाठ
डॉक्टर, विषय महत्त्वाचा आहे पण वाढदिवसाच्या धाग्यावर नको. वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

सावनी_न
सगळ्यांचे आभार. पुन्हा एकदा, बजेट ३०००, पोस्टेज धरून. 'ला केस्त्यों'ची एलपी बघितली, आवाक्याबाहेर जातेय. ईपी तर नाहीच. बरं, मला कोणी हे सांगेल का की साठ-सत्तरच्या पुढचे अल्बम कसे आहेत? सगळे तिथेच थांबताय.

डिलनपंथी
पुढचं मी ऐकलेलं नाही. खरी आर्दी १९६२ ते ६८.

सीनकाठची
असं कसं, १९७३ चं 'मेसाझ पेर्सोनेल' पुढचंच आहे. संगीत मिशेल बेर्जेचं, तो तेव्हा पंचविशीतला. सुरुवातीला ती गातच नाही, नुसतं बोलते, फोनवर निरोप ठेवावा तसं, आणि ते बोलायचे शब्द तिचे स्वतःचे. मग पियानो येतो. त्याच वर्षी मुलगा तोमा झाला, तोही आज गिटार वाजवतो, गातो. द्यूत्रोंशी लग्न मात्र १९८१ ला, कोर्सिकात. इथे आजही ते गाणं रेडिओवर लागलं की लोक आवाज वाढवतात. त्यानंतर गाब्रिएल यारेदबरोबर पाच अल्बम केले, तोच पुढे ऑस्कर मिळवणारा संगीतकार. १९८८ ला म्हणाली हा शेवटचा, 'पार्तीर कां मेम' त्यातलंच. मध्ये ज्योतिष. हसू नका, ती ते फार गांभीर्याने करायची, रेडिओवर कार्यक्रम, पुस्तकं. आणि १९९६ ला परत आली 'ल दांजे' घेऊन, खरखरत्या इलेक्ट्रिक गिटारी, बावन्नाव्या वर्षी. त्याच सुमारास इंग्लंडच्या ब्लर बँडबरोबर गायली. २००४ ला 'तां द बेल शोझ', २०१२ ला 'लामूर फू', २०१८ ला 'पेर्सोन दोत्र'. २००६ ला फ्रेंच अकादमीने पदक दिलं. पण घ्यायचा तर 'ला केस्त्यों'च. सीडी मिळेल बजेटात.

गोव्याचो_सुनील
कोणी फ्रेंच गीतकार-गायक गेन्सबूरचं नाव घेतलं नाही. १९६८ चं 'कॉमां त दीर आदिय', एका इंग्रजी गाण्याच्या चालीवर त्याने फ्रेंच शब्द बसवले, बऱ्याच ओळींचा शेवट 'एक्स'वर तोडून. पणजीला माझ्या सासऱ्यांकडे कॅसेट होती, दुपारी जेवणानंतर लागायची. त्याच काळात पात्रिक मोदियानोने पण तिच्यासाठी गाणं लिहिलंय, त्याला पुढे २०१४ चं साहित्याचं नोबेल मिळालं. मावशी फ्रेंचच्या प्राध्यापक म्हटल्यावर त्यांना हे आवडेल. 'द व्होग इयर्स' नावाचा दोन सीडींचा संच आहे, दोन्ही गाणी त्यात असायला हवीत, घेण्याआधी यादी बघा. ३००० त बसायला हरकत नाही.

कावेरीकाठ
सुनीलना अनुमोदन. हा पहिला सल्ला जो बजेटमध्ये बसतोय.

सदाशिव_पेठ_३०
+१, व्होग इयर्स. यादी बघून घ्या.

सावनी_न
मंडळी, घेतली. आणि तुम्ही सुचवलेलं काहीच घेतलं नाही, त्यामुळे आधीच सांगते, रागावू नका. ऑफिसला येताजाता सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं. सुनीलदादांचा संच जवळजवळ नक्की केला होता. पण सीनकाठचीताईंच्या यादीतलं 'तां द बेल शोझ' लावलं आणि तिथेच अडकले. शब्द कळत नव्हते म्हणून एका मैत्रिणीकडून समजून घेतले. मी जाईन पण प्रेम मरणापेक्षा मोठं आहे, आणि तुझ्यापुढे किती सुंदर गोष्टी आहेत ज्या तुला अजून माहीतच नाहीत, अशा अर्थाचं मागे राहणाऱ्याला सांगितलेलं आहे. साठीतला आवाज, खाली उतरलेला, पण डळमळत नाही. मावशीने एकोणीस-वीस वर्षांची आर्दी ऐकलीय. ती मुलगी पुढे मोठी झाली, आजारी पडली आणि तरी असं लिहीत राहिली, हे तिला कोणीच ऐकवलेलं नाही. जुनी गाणी तिला आठवतातच. सीडी मागवलीय, बजेटच्या बरीच आत बसली, गाडीतून त्र्यंबकला जाताना लावू. उरलेल्या पैशात तिचं आत्मचरित्र 'ल देझेस्प्वार दे सेंझ' मिळतंय का बघतेय, २००८ चं, मूळ फ्रेंचमध्ये. कोणाला माहीत असेल तर सांगा.

सीनकाठची
रागावत नाही, पण 'ला केस्त्यों' राहिलाच. आत्मचरित्राची खिशातली आवृत्ती आहे, वापरलेली इथे स्वस्तात मिळते. डिसेंबरात पुण्याला येतेय, वाढदिवसानंतर चालणार असेल तर घेऊन येते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मिरजेचा_षड्ज
'ला केस्त्यों' पूर्ण ऐकला. दोनदा. पियाफबद्दलचं मत कायम आहे.

व्हिनाइलवेडा
सीडी... असो. सावनीताई, मावशींना कधी ओरिजिनल ईपी ऐकायचा असेल तर मी नाशिकला येतो अधूनमधून, सोबत आणेन. ४५ च्या मोठ्या भोकासाठी मधली चकती लागते, तीही आणेन, पण रेकॉर्डला हात मीच लावणार.